‘माजां चित्र खंय गेलां?’ : शाळेतल्या लॅपटॉपची मदतपुस्तिका मुलांच्या प्रश्नांवरून कशी लिहावी

देवगडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या शाळेत लॅपटॉप आले, तेव्हा पहिल्या आठवड्यात मुलांनी मालवणीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, “बाई, माजां चित्र खंय गेलां?” म्हणजे, माझं चित्र कुठे गेलं? सोबत आलेली जाडजूड पुस्तिका मी चाळली. सुरुवातीला प्रस्तावना, मग प्रकल्पाची उद्दिष्टं, मग यंत्राच्या भागांची नावं. चित्राचं उत्तर पार मागच्या बाजूला सापडलं, तेही असं: “चित्रकला कृतीमधून निर्गमन केल्यानंतर वापरकर्त्याचे कार्य रोजनिशीमध्ये स्वयंचलितपणे संग्रहित होते व तेथून त्याचा पुनरारंभ करता येतो.” वाक्यात चूक एकही नाही. पण चौथीतल्या मुलाला ते कळणार नाही, आणि खरं सांगायचं तर पहिल्या वाचनात मलाही कळलं नाही.

ती पुस्तिका आम्ही दोन वर्षांत हळूहळू मोडली आणि नव्याने लिहिली. तुमच्या शाळेत शुगर असेल किंवा दुसरी एखादी स्वस्त शैक्षणिक प्रणाली, ही पद्धत सगळीकडे लागू पडते.

आधी यंत्राविषयी थोडं. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ही कल्पना निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी २००५ साली मांडली आणि एक्सओ नावाचा हिरवा-पांढरा लॅपटॉप २००७ च्या अखेरीस कारखान्यातून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागला. २५६ एमबी मेमरी, फाइलींसाठी १ जीबी जागा, रबरी कीबोर्ड आणि उन्हातही वाचता येणारी साडेसात इंची स्क्रीन. शंभर डॉलरचं स्वप्न होतं, किंमत त्याच्या जवळपास दुप्पट झाली. भारतातली सुरुवातीची चाचणी आपल्या कोकणातच झाली, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट गावच्या छोट्या शाळेत, २००७ मध्ये. या लॅपटॉपवर चालणारी प्रणाली म्हणजे शुगर. २००८ पासून शुगर लॅब्ज ही वेगळी संस्था ती सांभाळते, त्यामुळे आता ती साध्या जुन्या लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवरूनही चालते. आमच्याकडे दोन्ही आहेत: थोडे एक्सओ, बाकी मुंबईकरांनी दिलेले जुने लॅपटॉप. एका यंत्रावर चार मुलं बसतात. हा चारचा आकडा लक्षात ठेवा, त्याचा संबंध पुढे येणार आहे.

आधी वही, मग लेखणी

लिहायला बसू नका. शंभर पानी वही घ्या आणि दोन आठवडे फक्त प्रश्न लिहून काढा. प्रश्न मुलाच्या तोंडचा, जसाच्या तसा. त्याचं प्रमाण मराठीत रूपांतर करण्याचा मोह टाळा, कारण प्रश्न कशाचा आहे ते त्या बोलीतच दडलेलं असतं. आमच्या वहीतले काही:

“ह्यो बाण कित्याक नाचता?” (हा बाण का नाचतो?)
“रंग खंय गेले?”
“ह्यां कोणाचां चित्र?”
“बंद करूक गेलंय तर काळी पट्टी इली.”

प्रत्येक प्रश्नापुढे तीन गोष्टी टिपा: यंत्र कुठलं होतं, स्क्रीनवर त्या क्षणी काय दिसत होतं, आणि विचारण्याआधी मुलाने काय केलं होतं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच राहून जाते, कारण आपण धावत जाऊन दुरुस्त करतो आणि मग आठवत बसतो.

‘रंग खंय गेले’ हा प्रश्न घ्या. मला वाटलं स्क्रीन बिघडली. टिपणं पाहिली तर तिन्ही मुलं पडवीत, उन्हात बसलेली होती आणि तिघांनीही स्क्रीनचा उजेड कमी करण्याचं बटण शेवटपर्यंत दाबलं होतं. एक्सओचा मागचा दिवा पूर्ण बंद झाला की स्क्रीन कृष्णधवल होते. उन्हात वाचता यावं म्हणून मुद्दाम केलेली सोय आहे ती, बिघाड नव्हे. पुस्तिकेत या सोयीचं कौतुक अर्धं पान होतं, पण रंग परत कसे आणायचे हे नव्हतं.

बाण नाचण्याचं कारण तर आपल्या हवेतच आहे. सुरुवातीच्या एक्सओचा टचपॅड दमट हवेला आणि घामट बोटांना फार लवकर बिचकतो. जून लागला की बाण स्क्रीनभर सैरावैरा पळतो. उपाय असा: बोट आणि टचपॅड कोरड्या फडक्याने पुसायचं, मग कीबोर्डच्या चारही कोपऱ्यांतली बटणं एकदम दाबून सोडायची आणि तेवढा वेळ टचपॅडला हात लावायचा नाही. टचपॅड स्वतःला पुन्हा जुळवून घेतो. कोरड्या प्रदेशात लिहिलेल्या पुस्तिकेत ही गोष्ट शेवटच्या परिशिष्टात गेली तरी चालेल. देवगडात ती पहिल्या पानावर हवी.

दोन आठवड्यांनी प्रश्नांची दोन प्रकारे वर्गवारी करा: कुठले सारखे येतात आणि कुठल्या चुकीने नुकसान होतं. या दोन याद्या वेगळ्याच निघतात. चित्र हरवल्याचा प्रश्न रोज येतो, पण नुकसान शून्य. एक्सओवर स्क्रीनच्या उजवीकडची चार खेळाची बटणं दाबून ठेवून यंत्र चालू करणं आणि पेन ड्राइव्हवरून प्रणाली नव्याने भरणं हे वर्षातून एकदाच होतं, पण त्यात यंत्रातलं मुलांचं सगळं काम पुसलं जातं. पहिल्या यादीतून पुस्तिकेची पानं ठरतात, दुसरीतून इशारे. आणि इशारा कृतीच्या आधी लिहायचा. उघड गोष्ट वाटते, पण आमच्या जुन्या पुस्तिकेत चारही बटणांची कृती पाच पायऱ्यांत देऊन सहाव्या ओळीत ‘टीप: या प्रक्रियेत विदा नष्ट होऊ शकतो’ असं होतं. सहाव्या ओळीपर्यंत पोचणाऱ्याचा ‘विदा’ केव्हाच गेलेला असतो. तो शब्दही बदला. ‘मुलांची सगळी चित्रं आणि लेख पुसले जातील’ असं लिहा.

आवृत्ती तपासल्याशिवाय एक ओळही नको

होम स्क्रीनवर मधोमध जो माणूस दिसतो, त्यावर राइट क्लिक केलं की सेटिंग्जकडे जाता येतं, आणि तिथे ‘माझ्या संगणकाविषयी’ अशा अर्थाच्या भागात शुगरची आवृत्ती लिहिलेली असते. प्रत्येक यंत्राची आवृत्ती वहीच्या मागच्या पानावर लिहा.

याचं कारण सांगते. जुन्या शुगरमध्ये होम स्क्रीनवरच्या माणसाभोवतीच्या रिंगणातल्या पेंटच्या चित्रावर क्लिक केलं की कोरा कागद उघडायचा. नव्या आवृत्त्यांत त्याच क्लिकने शेवटचं अर्धवट काम उघडतं. कोरा कागद हवा असेल तर चित्रावर राइट क्लिक करून नवीन सुरू करण्याचा पर्याय निवडावा लागतो. एका मुलाला एक लॅपटॉप, असं मनात धरून केलेला हा बदल शहाणपणाचा आहे. पण आमच्याकडे एका यंत्रावर चार मुलं! पहिल्याने होडी काढली, दुसरीने पेंट उघडलं, समोर होडी. तिने ती पुसली आणि आपलं घर काढलं. ‘ह्यां कोणाचां चित्र’ हा प्रश्न तिथून आला, आणि त्यानंतरची रडारडही. जुन्या आवृत्तीवर लिहिलेली पुस्तिका नव्या यंत्रासोबत दिली की अशी भांडणं लागतात. म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ हवीच: कुठलं यंत्र, कुठली आवृत्ती, पान कधी तपासलं.

शब्द

यावर आमच्या शिक्षकांमध्ये सगळ्यात जास्त वाद झाले, म्हणून थोडं थांबते.

पहिला नियम: स्क्रीनवर जो शब्द दिसतो, तोच कागदावर छापायचा, तो आवडो न आवडो. स्क्रीनवर इंग्रजी ‘जर्नल’ असेल आणि कागदावर ‘रोजनिशी’, तर मूल रोजनिशी शोधत बसतं. हवं तर कागदावर एकदाच लिहा, “जर्नल म्हणजे लॅपटॉपची वही, तुम्ही जे केलंत ते सगळं इथे लिहिलेलं असतं.” नंतर सगळीकडे जर्नलच.

दुसरा: शाळेत जो शब्द तोंडात आहे तो वापरा. क्लिक, बटण, स्क्रीन, पेन ड्राइव्ह, फाइल. ‘कळफलक’ आमच्या शाळेत फक्त पाठ्यपुस्तकात भेटतो. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण तो मदतपत्रकात दाखवायचा नसतो. उलट चांगले मराठी शब्द हाताशी असताना ते टाळूही नका. ‘ड्रॅग करा’पेक्षा ‘ओढत न्या’ मुलांना लगेच कळतं. ‘होव्हर करा’ला तर तोडच नाही इतका ‘बाण चित्रावर नुसता धरून ठेवा, दाबू नका’ हा शब्दसमूह स्पष्ट आहे. लांब आहे, असू दे.

मालवणीत लिहायचं का? आम्ही एक पान लिहून पाहिलं. मुलं खदखदून हसली, मोठ्याने वाचली, पण वाचताना अडखळली, कारण मालवणी ती बोलतात, वाचत नाहीत. शेवटी असं ठरलं: प्रश्न मालवणीत, उत्तर साध्या मराठीत. प्रश्नाचं शीर्षक बघताच मुलाला आपलं पान सापडतं.

कधी कधी अर्धी स्क्रीन मराठीत आणि अर्धी इंग्रजीत दिसते, आणि शिक्षक यंत्राला दोष देतात. त्यामागचं कारण जाणून घेण्यासारखं आहे. शुगरचं भाषांतर पीओ नावाच्या साध्या मजकूर-फाइलींत असतं: इंग्रजी ओळ, खाली तिची मराठी ओळ. मूळ इंग्रजी ओळ बदलली की जुन्या मराठी ओळीवर ‘फझी’ म्हणजे ‘संशयित’ असा शिक्का बसतो, आणि शिक्का बसलेली ओळ यंत्र दाखवतच नाही, थेट इंग्रजी दाखवतं. ती ओळ कुणीतरी वाचून, सुधारून शिक्का काढायचा असतो. हे काम घरबसल्या कुणालाही करता येतं. फक्त ओळीतली टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारी अक्षरं जशीच्या तशी ठेवायची, कारण त्यांच्या जागी यंत्र नाव किंवा आकडा भरतं.

एक पान लिहून दाखवते

१९८० च्या दशकात आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. जाडजूड मार्गदर्शिकेऐवजी लोकांना अगदी छोटी पुस्तिका दिली: प्रस्तावना नाही, लगेच काम, आणि चूक झाली तर परत कसं यायचं ते. लोक कमी वेळात शिकले. आमची पानं त्याच वळणाची आहेत. वर दिलेल्या ‘निर्गमन’वाल्या वाक्याचं पान असं झालं:

माजां चित्र खंय गेलां?

चित्र लॅपटॉपमध्येच आहे. पुसलेलं नाही.
१. सगळ्यात वरच्या ओळीतलं एफ५ बटण दाबा. जर्नल उघडेल. कामांची लांब यादी दिसेल, सगळ्यात नवं काम सगळ्यात वर.
२. आपलं काम शोधा. सापडलं की ओळीतल्या छोट्या चित्रावर क्लिक करा, नावावर नाही. (नावावर क्लिक केलं तर नाव बदलण्याची जागा उघडते. तसं झालं तर बाजूला कुठेही क्लिक करा.)
३. चित्र उघडेल.
सगळ्या ओळींची नावं सारखीच दिसतायत? मग एकेक उघडून बघा, आणि आपलं सापडलं की वरच्या पट्टीत त्याला नाव द्या: ‘सानिकाची होडी’.

आता यात काय काय केलंय ते बघा. पहिली ओळ कृती नाही, दिलासा आहे. घाबरलेलं मूल सूचना वाचत नाही. प्रत्येक पायरीत एकच कृती आहे आणि कृतीनंतर काय दिसेल ते आहे, म्हणजे चुकलो की नाही ते तिथल्या तिथे कळतं. कंसातली चूक आम्ही कल्पनेने लिहिलेली नाही, वहीत ती बऱ्याच वेळा नोंदलेली होती. आणि शेवटची ओळ खऱ्या रोगावर आहे. शुगर सगळं आपोआप जपून ठेवतं, पण नाव दिलं नाही तर यादीत ‘पेंट ॲक्टिव्हिटी, पेंट ॲक्टिव्हिटी, पेंट ॲक्टिव्हिटी’ अशी रांग लागते. चित्र हरवत नाही, गर्दीत मिसळतं, कुणकेश्वरच्या जत्रेत पोर चुकावं तसं.

एक्सओसाठी हेच पान वेगळं छापावं लागलं, कारण त्याच्या वरच्या बटणांवर ‘एफ५’ असे शब्द नाहीत, नुसती चित्रं आहेत. एकाच पानात ‘तुमच्याकडे हे यंत्र असेल तर असं, ते असेल तर तसं’ करू नका. दोन कागद करा.

काळ्या पट्टीचं पान याहून छोटं झालं. शुगरमध्ये बाण स्क्रीनच्या कोपऱ्यात गेला की चारही बाजूंनी फ्रेम, म्हणजे ती काळी पट्टी, उघडते, आणि काम बंद करायचं बटण नेमकं वरच्या कोपऱ्याजवळ असतं. मुलं बंद करायला जातात, फ्रेम आडवी येते. पानावर दोनच ओळी: ‘बाण कोपऱ्यातून बाहेर आणा, पट्टी जाईल. किंवा कंट्रोल धरून क्यू दाबा, काम बंद होईल.’ शिवाय शिक्षकांच्या कागदावर, सेटिंग्जमध्ये जाऊन फ्रेम उशिरा उघडेल असं कसं करायचं ते. काही वेळा कागद लिहिण्यापेक्षा यंत्राची सेटिंग बदलणं स्वस्त पडतं.

चित्रं, टंक आणि पाऊस

स्क्रीनचं चित्र घ्यायला ऑल्ट धरून १ दाबा. ते जर्नलमध्ये जमा होतं. पेन ड्राइव्ह लावला की तो जर्नलच्या खालच्या पट्टीत दिसतो, चित्र त्यावर ओढत न्यायचं. पूर्ण स्क्रीन छापू नका, हवा तेवढाच कोपरा कापून घ्या आणि जाड काळा बाण काढा. लाल गोल काढला तर झेरॉक्समध्ये तो करडा होतो आणि दिसत नाही. त्याच कारणाने ‘हिरव्या माणसावर क्लिक करा’ असंही लिहू नका. शुगरमधल्या माणसाचे रंग प्रत्येक जण पहिल्यांदा नाव घालताना स्वतः निवडतो.

टंकाबाबत एकच हट्ट धरा: युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर अक्षरं तीच राहणारी पद्धत. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे जुन्या पद्धतीचे फॉन्ट असतात, छापील पान सुंदर दिसतं, पण तोच मजकूर लॅपटॉपवर टाकला की अगम्य चिन्हांची खिचडी होते आणि शोधताही येत नाही. आम्ही ‘एक टाइप’ या मुंबईच्या गटाचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट वापरतो, तो मोफत आणि खुला आहे. लिब्रऑफिसमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडा, ‘हिंदी’ नको. ज्या फॉन्टांत तशी सोय आहे त्यांत ल आणि श आपल्या वळणाचे येतात. पहिलीतल्या मुलाला हिंदी वळणाचा ल अनोळखी वाटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि ‘दुसऱ्या’, ‘कोपऱ्यात’ हे शब्द छापून बघा. तिथला अर्धा र तुटत असेल तर फॉन्ट बदला.

छपाई लेझर प्रिंटरवर. इंकजेटची शाई जुलैत नुसत्या दमट बोटांनी पसरते. लॅमिनेशन करताना कागदाबाहेर सगळ्या बाजूंनी बोटभर प्लास्टिक सोडायला सांगा. कडेला कापलेलं लॅमिनेशन गणपतीपर्यंत सुटतं आणि आत बुरशी धरते. भोक पाडायचं तर त्या सोडलेल्या प्लास्टिकमध्ये, कागदात नाही. एका पानाला एक प्रश्न, सुतळीत ओवून लॅपटॉपच्या कपाटाला टांगायचं. पुस्तिका बांधली की ती ऑफिसातल्या कपाटात जाते आणि चावी कुणाकडे तरी असते.

तोंड बंद ठेवून तपासणी

पान लिहून झालं की ज्याने ते पाहिलेलं नाही असं मूल बसवा. त्याला काम सांगा, कागद द्या, आणि तुम्ही मागे बसा. बोलायचं नाही. बोट दाखवायचं नाही. ‘हं’ही करायचं नाही, कारण मुलं शिक्षकाच्या ‘हं’वरूनच उत्तर ओळखतात. पेन्सिलने कागदाच्या तुमच्या प्रतीवर फक्त खुणा: कुठे थांबलं, कुठे परत वर वाचलं, कुठे तुमच्याकडे बघितलं.

मला हे सगळ्यात कठीण गेलं. पंचवीस वर्षं शिकवल्यावर गप्प बसणं शिकावं लागतं.

किती मुलं पुरतात? वापरसुलभतेवर काम करणारे जेकब नील्सन पाच माणसं पुरेशी मानतात. त्यांच्या हिशेबाने पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. आम्ही तीन-तीनच बसवतो: एक वाचनात तरबेज, एक अडखळणारं आणि एक शिक्षक. शिक्षकाला वगळू नका. आमच्या जर्नलच्या पानावर दोन्ही मुलं पार झाली आणि शिक्षक अडकले, कारण त्यांचा लॅपटॉप एफएन बटण धरल्याशिवाय एफ५ मानतच नव्हता. मुलांनी दोन्ही दाबून बघितलं होतं आणि काही बोललीही नव्हती. पानावर एक ओळ वाढली.

जिथे दोघं एकाच जागी अडतात, ती ओळ बदला. एकच अडला तर थांबा, वहीत टिपून ठेवा.

पान जिवंत ठेवणं

दर जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, सगळी पानं यंत्रासमोर धरून एकदा करून बघायची. प्रणाली नवी भरली असेल तर त्याच दिवशी. चुकीचं पान लगेच सुतळीतून काढा, नवं छापून येईपर्यंत जागा रिकामी राहिली तरी चालेल. चुकीच्या पानावरून एकदा फसलेलं मूल दुसऱ्यांदा कागदाकडे जात नाही, थेट “बाई!” म्हणून हाक मारतं.

तुमची पानं तुमच्याच शाळेत ठेवू नका. शुगरचा मदतीचा मजकूर खुला आहे, गिटहब या खुल्या प्रकल्पांच्या संकेतस्थळावर आहे, साध्या मजकुराच्या स्वरूपात आहे. २००८ मध्ये शुगरची पहिली मोठी पुस्तिका अमेरिकेत ऑस्टिनमध्ये स्वयंसेवकांनी एकत्र बसून आठवडाभरात लिहिली होती, म्हणजे हे काम पगारी तज्ज्ञांचंच आहे असं काही नाही. इंग्रजीचा धाक वाटत असेल तर निदान पीओ फाइलींतल्या ‘फझी’ मराठी ओळींपासून सुरुवात करा.

आमची वही अजून चालू आहे. गेल्या आठवड्यातला ताजा प्रश्न दुसरीतल्या मुलीचा: “बाई, माजां नाव ह्याका कसां म्हायत?” तिच्या आधी त्या यंत्रावर तिच्याच नावाची मुलगी बसत होती. या पानाचं उत्तर अजून लिहायचंय.